एका मैलाची ट्राम

वाहतुकीचा इतिहास म्हटला की बहुधा यंत्रांचा इतिहास सांगितला जातो. घोड्याच्या जागी वाफ आली, वाफेच्या जागी वीज आली, विजेच्या जागी पेट्रोल आले, आणि प्रत्येक पायरीवर जुने मागे पडून नवे पुढे आले, अशी ती हकीकत असते. तिच्यात माणसे फारशी दिसत नाहीत. दिसलाच तर शोध लावणारा दिसतो, नाही तर भांडवल घालणारा दिसतो. रूळ टाकणारा, गाडी हाकणारा, तिकीट फाडणारा आणि त्या गाडीतून रोज कामाला जाणारा, हे चौघे मात्र पडद्याआड राहतात. आज आम्ही ज्या ट्रामची हकीकत सांगणार आहोत तिच्यात हे चौघेही आहेत, आणि म्हणूनच हा दूरदेशीचा विषय आम्ही या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तरेकडे, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, मिनेसोटा नावाचे राज्य आहे. हिवाळ्यात तेथली तळी गोठतात आणि माणसे त्या गोठलेल्या पाण्यावरून चालत जातात. मिसिसिपी ही महानदी याच राज्यात उगम पावते, आणि तिच्या काठी मिनिआपोलिस व सेंट पॉल ही दोन शहरे शेजारी शेजारी वसलेली आहेत. सेंट पॉल हे राजधानीचे शहर. मिनिआपोलिस हे धबधब्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडाच्या आणि पिठाच्या गिरण्यांवर वाढलेले. मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येस हॅरिएट नावाचे तळे आहे. त्या तळ्याजवळून उन्हाळ्याच्या दिवसांत एक पिवळी ट्रामगाडी धावते. तिचा मार्ग सुमारे एक मैलाचा, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड किलोमीटरहून थोडा अधिक आहे. गाडी हाकणारे, तिकिटे देणारे, रूळ सांभाळणारे, मोटारी खोलून पुन्हा बसवणारे हे सर्व लोक स्वयंसेवक आहेत. हा एक मैल कसा उभा राहिला, तो इतक्या सावकाशीने का वाढला, आणि त्याच्या आधी तेथे असलेले पाचशे मैल कोठे गेले, असे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत. तिसऱ्याचे उत्तर आधी दिल्याशिवाय पहिली दोन कळणार नाहीत.

ट्रामची सुरुवात तेथेही घोड्यांनीच झाली. आपल्या मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. मिनिआपोलिसमध्ये ती १८७५ साली आली. म्हणजे या बाबतीत मुंबई त्या शहराहून वर्षाने वडील आहे. मिनिआपोलिसच्या ट्रामची सूत्रे लवकरच टॉमस लोरी नावाच्या गृहस्थाच्या हाती आली. लोरी पेशाने वकील होता, पण त्याचा खरा व्यवसाय जमिनींचा. जेथे रूळ जातात तेथे वस्ती जाते, आणि जेथे वस्ती जाते तेथे जमिनीचा भाव चढतो, हे त्याने फार लवकर ओळखले. १८९० च्या सुमारास घोडे जाऊन वीज आली, दोन्ही शहरांच्या ट्राम एका छत्राखाली आल्या, आणि ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिट या नावाची बलाढ्य कंपनी उभी राहिली.

या कंपनीचा पसारा किती होता ते पाहण्यासारखे आहे. भरभराटीच्या काळात तिचे रूळ पाचशे मैलांहून अधिक होते आणि गाड्या हजाराच्या आसपास. पूर्वेला सेंट क्रॉय नदीवरच्या स्टिलवॉटर गावापासून पश्चिमेला मिनेटोंका नावाच्या मोठ्या तळ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास मैल, माणूस ट्रामने जाऊ शकत असे. त्या तळ्यावर पुढे जाण्यासाठी कंपनीने १९०६ साली ट्रामसारख्याच पिवळ्या रंगाच्या आगबोटी सोडल्या होत्या. १९२० साली वर्षाकाठी वीस कोटींहून अधिक वेळा लोकांनी या ट्रामचे तिकीट काढले. गिरणीतला मजूर, दुकानातली मुलगी, शाळकरी पोर, रविवारी तळ्याकाठी बँड ऐकायला निघालेले कुटुंब, सगळी याच गाडीत. कंपनी आपल्या बहुतेक गाड्या बाहेरून विकत घेत नसे. सेंट पॉलमधील स्नेलिंग येथे तिचा स्वतःचा कारखाना होता, आणि तेथले सुतार, लोहार, रंगारी व वीजकामगार सबंध गाडी उभी करीत. १९०८ साली या कारखान्यातून १३०० या क्रमांकाची एक गाडी बाहेर पडली. हा क्रमांक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. ही गाडी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

मात्र जी कंपनी गाड्या इतक्या उत्तम बांधीत होती, ती कामगारांशी तितक्या उत्तम रीतीने वागत होती असे नाही. कामाचे तास लांब, वेतन थोडे, आणि संघटनेचे नाव काढण्याची सोय नाही. १९१७ साली, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरलेली असताना, महागाईने गांजलेल्या मोटरमन-कंडक्टरांनी संघटना बांधण्यास आरंभ केला. कंपनीने पुढाकार घेणाऱ्यांना कामावरून काढले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये संप झाला. टॉमस लोरी तोपर्यंत वारला होता; कंपनीच्या गादीवर त्याचा मुलगा होरेस लोरी होता. राज्य सरकारने युद्धकाळासाठी नेमलेला सार्वजनिक सुरक्षा आयोग मध्ये पडला आणि पहिला संप काही दिवसांत मिटला. पण तंटा मिटला नाही. कंपनीने आपल्या ताब्यातली एक वेगळी संघटना काढली. मग खऱ्या संघटनेच्या माणसांनी छातीवर आपला बिल्ला लावला, कंपनीच्या माणसांनी आपला लावला, आणि कोण कोणत्या बाजूला आहे हे प्रत्येक गाडीच्या दारात प्रवाशांना दिसू लागले.

आयोगाने हुकूम काढला की बिल्ले काढून ठेवावेत. वरवर पाहता हुकूम दोन्ही बाजूंना सारखा होता. पण ज्याच्या हाती पगारपत्रक आहे त्याला बिल्ल्याची गरज नसते. बिल्ला हीच ज्याची एकमेव ताकद, नुकसान त्याचे होते. शेकडो कामगारांनी बिल्ला काढण्यास नकार दिला आणि कंपनीने त्यांना आत घेतले नाही. २ डिसेंबर १९१७ रोजी सेंट पॉलमध्ये मोठी सभा भरली, तिच्यानंतर जमाव रस्त्यावर आला, गाड्यांच्या काचा फुटल्या, दंगल झाली. पुढे वॉशिंग्टनहून आलेल्या मध्यस्थ मंडळाने बाहेर राहिलेल्या कामगारांना परत घ्यावे अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. संप बुडाला, आणि संघटनेला मान्यता मिळण्यासाठी १९३० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. १३०० क्रमांकाची गाडी त्या वेळी नऊ वर्षांची होती. ती कोणत्या मोटरमनच्या हाती होती हे कोणी लिहून ठेवलेले नाही, परंतु त्या वर्षी जुळ्या शहरांत जी ट्राम धावली तिच्या चालकाला बिल्ल्याच्या या तंट्यात कोणती तरी बाजू घ्यावीच लागली असणार.

आता पाचशे मैल कोठे गेले, त्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघर मोटार आली, शहरे पसरली, उपनगरे ट्रामच्या रुळांपासून लांब बांधली गेली. ट्रामचे प्रवासी घटू लागले, हे खरे आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. तरीही मिनिआपोलिसच्या कंपनीने हातपाय गाळले नव्हते. युद्धानंतरच्या काही वर्षांत तिने १४१ नव्या, वेगवान, नव्या बांधणीच्या गाड्या घेतल्या. मोठ्या मार्गांवर ट्राम, लहान मार्गांवर बस, असा तिचा बेत होता. परंतु नव्या गाड्यांवर पैसा खर्च झाला म्हणजे भागधारकांचा लाभांश घटतो. १९४९ साली चार्ल्स ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका शेअर व्यापाऱ्याने भागधारकांचा असंतोष हेरून कंपनीचा ताबा घेतला. त्याला ट्राम चालवायची नव्हती, कंपनीतून पैसा काढायचा होता. फेऱ्या कमी झाल्या, माणसे कमी झाली, आणि सगळीकडे बस आणण्याचे जाहीर झाले.

१९५१ साली ग्रीन गेला आणि फ्रेड ओसाना नावाचा स्थानिक वकील कंपनीचा प्रमुख झाला. जे काम पूर्वीच्या लोकांनी अनेक वर्षांत करायचे ठरवले असते, ते त्याने दोन वर्षांत उरकले. जनरल मोटर्सच्या बसगाड्या आल्या, तारा उतरवल्या, रूळ उखडले किंवा डांबराखाली गाडले. जून १९५४ मध्ये शेवटची ट्राम धावली. नव्या गाड्या होत्या त्या मेक्सिको शहर, नुअर्क आणि क्लीव्हलंडजवळच्या शेकर हाइट्सला विकल्या. जुन्या लाकडी गाड्यांना आग लावून त्यांतले लोखंड व तांबे वेगळे काढले. त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मागे ट्रामगाडी ज्वाळांत पेटली आहे, आणि पुढे उभा राहून ओसाना हसतमुखाने धनादेश स्वीकारीत आहे. पुढे चौकशी होऊन १९६० साली या मालमत्तेच्या विक्रीत स्वतःचा लाभ करून घेतल्याबद्दल, फसवणुकीच्या आरोपाखाली, ओसाना व त्याचे काही साथीदार दोषी ठरले. शिक्षा झाली, पण रूळ काही परत आले नाहीत.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ओसाना नसता तर ती ट्राम आजपर्यंत सगळीच्या सगळी चालू राहिली असती असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकेतील कितीतरी प्रामाणिक कंपन्यांच्या ट्रामही त्याच वीस-पंचवीस वर्षांत बंद झाल्या. आमचे म्हणणे इतकेच की, लोक एखादी सेवा किती वापरतात यावर तिचे आयुष्य ठरावे, हा एक न्याय झाला. आणि मोडल्यावर तिचे भंगार किती रुपयांना जाईल यावर तिचे आयुष्य ठरावे, हा दुसरा. मिनिआपोलिसमध्ये दुसरा न्याय चालला. नव्या घेतलेल्या गाड्या पाच-सात वर्षांच्या आत परगावी विकल्या गेल्या आणि तेथे त्या पुढे अनेक वर्षे चालल्या. त्यांपैकी ३२२ क्रमांकाची गाडी नुअर्क आणि शेकर हाइट्स अशी दोन गावे फिरून अखेर आपल्या मूळ गावी परत आली, ते या स्वयंसेवकांमुळेच.

आगीतून दोन जुन्या गाड्या वाचल्या. १२६७ क्रमांकाची गाडी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यातील ट्राम संग्रहालयात गेली. दुसरी, आपली १३०० क्रमांकाची, रेल्वेच्या हौशी मंडळींच्या एका स्थानिक संघाला मिळाली. गाडी मिळाली, पण तिला ना रूळ ना वीज ना डेपो. घरात हत्ती बांधावा तशातला हा प्रकार. १९६२ साली या गाडीसाठी मिनेसोटा परिवहन संग्रहालय या नावाची संस्था स्थापन झाली. माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा. सेंट पॉलमधील एका मालवाहू रेल्वेच्या आवारात त्यांनी गाडी दुरुस्त केली आणि १९६३ साली ती पुन्हा स्वतःच्या मोटारींवर हलली. वरती तार नव्हतीच. म्हणून गाडीसोबत एक जनित्र ओढून न्यावे लागे आणि त्याची वीज मोटारींना द्यावी लागे.

त्यानंतर आठ वर्षे गाडी होती, पण मार्ग नव्हता. शहरातील ट्रामचे बहुतेक रूळ रस्त्याच्या मधून गेलेले होते, आणि ते रस्ते आता मोटारींचे झाले होते. परंतु हॅरिएट तळ्याजवळ पूर्वीची कोमो-हॅरिएट ट्राम रस्त्यावरून जात नसे. झाडांमधून तिची स्वतःची स्वतंत्र पट्टी होती. रूळ उखडून नेल्यावरही ती पट्टी तशीच राहिली. तिच्यावर घर उठले नाही की रस्ता झाला नाही. स्वयंसेवकांनी ही जागा हेरली. परवानग्या मिळवल्या, स्लीपर टाकले, त्यांवर रूळ ठोकले, आणि ऑगस्ट १९७१ मध्ये, शेवटची ट्राम गेल्यानंतर सतरा वर्षांनी, १३०० क्रमांकाची गाडी पुन्हा प्रवासी घेऊन त्याच जागेवरून धावली. सुरुवातीचा मार्ग फारच आखूड होता, आणि जनित्र अजून सोबत होतेच.

येथून पुढची वाढ ही या हकीकतीचा गाभा आहे. आधी रुळांवर तार आली आणि जनित्राची सोबत सुटली. गाडीच्या टपावरचा दांडा तारेला टेकला आणि ट्राम खऱ्या अर्थाने ट्राम झाली. मग रूळ थोडेथोडे उत्तरेकडे सरकले. १९७७ पर्यंत ते दुसऱ्या तळ्याच्या काठाला पोचले. त्याच वर्षी या मार्गाची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. १९५४ नंतर पाडलेले लिंडन हिल्सचे छोटे स्थानक १९०० सालच्या मूळ इमारतीच्या धर्तीवर १९९० साली पुन्हा उभारले. गाड्याही वाढल्या. डुलुथ हे मिनेसोटातील बंदराचे गाव. तेथली ट्राम १९३९ सालीच बंद झाली होती. तेथली १९१५ सालची २६५ क्रमांकाची गाडी १९८२ साली, आणि १८९३ सालची ७८ क्रमांकाची गाडी १९९१ साली दुरुस्त होऊन धावू लागली. त्या काळी ट्राम बंद झाल्यावर पुष्कळ गाड्यांची चाके-मोटारी काढून नुसती धडे विकली जात, आणि कोणी त्यांत तळ्याकाठी राहण्याची खोली करी, कोणी कोंबड्या पाळी. अशा धडाला पुन्हा चाके, मोटारी, ब्रेक आणि दिवे मिळवून देणे हे एका सुट्टीचे काम नव्हे. त्यात वर्षानुवर्षांच्या संध्याकाळी जातात.

१९९९ साली मिनेटोंका तळ्याकाठच्या एक्सेल्सिअर गावी, जुन्या रेल्वेच्या मोकळ्या पट्टीवर, या मंडळींनी दुसरा लहानसा मार्ग सुरू केला. तेथे २००४ साली १२३९ क्रमांकाची १९०७ सालची गाडी उतरली. मूळ संग्रहालयात आगगाड्यांचा पसारा मोठा झाल्यामुळे २००४-०५ च्या हिवाळ्यात ट्रामवाल्यांनी आपली मिनेसोटा स्ट्रीटकार म्युझियम ही वेगळी संस्था केली. ही वाढ कोणाला हास्यास्पद वाटेल. पन्नास वर्षांत एक मैल आणि दुसरीकडे आणखी थोडे! पण दोन वर्षांत पाचशे मैल मोडता येतात, याचे कारण मोडणाऱ्याला फक्त सही करावी लागते. बांधणाऱ्याला प्रत्येक स्लीपर उचलावा लागतो. ट्रामचा एक मैल म्हणजे हजारो स्लीपर, त्यांखाली खडी, पाण्याचा निचरा, रुळांचे सांधे, खांब, तारा; आणि हे एकदा करून भागत नाही. लाकूड कुजते, तार झिजते, थंडीत जमीन फुगते. एक मैल टिकवायचा तर दर हिवाळ्यानंतर तो थोडाथोडा पुन्हा बांधावा लागतो.

आता आमच्या चळवळीतील सहकारी विचारतील की, बिनपगारी श्रमाचे इतके कौतुक तुम्ही का करता? प्रश्न रास्त आहे. कारखान्यात 'स्वेच्छेने' हा शब्द आला की कामगाराने सावध व्हावे, असे आम्हीच आजवर सांगत आलो. जादा तासांचा मोबदला चुकवायचा असला की मालकाला सेवाभाव आठवतो. परंतु हॅरिएट तळ्यावरचा स्वयंसेवक कोणा कामगाराच्या ताटातली भाकरी काढून घेत नाही. तेथे पगाराची जागा शिल्लकच नव्हती. ती १९५४ साली जळाली. शिवाय हा स्वयंसेवक कोणाचा नफा वाढवीत नाही. तो आठवड्याचे काम संपवून, किंवा निवृत्त होऊन, उरलेला वेळ देतो. त्याला नेमून दिलेले शिक्षण घ्यावे लागते, गणवेश घालावा लागतो, ब्रेक आणि घंटीचे नियम पाळावे लागतात. हौस आहे म्हणून शिस्त ढिली नाही. कारण मागे बसलेल्या पोराला मोटरमन पगारी आहे की हौशी आहे याच्याशी कर्तव्य नसते, गाडी वेळेवर थांबली पाहिजे एवढेच असते.

आणि हा उरलेला वेळ कोठून आला? तो कोणी बक्षीस दिलेला नाही. आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, म्हातारपणीचे निवृत्तिवेतन, यांतले काहीही संघटनेवाचून मिळालेले नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षे झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्या रविवारी कोणी भजन केले, कोणी आखाडा काढला, कोणी तालीम केली, कोणी वाचनालय चालवले. ही व्याख्यानमाला ऐकायला आपण येता, तेही अशाच मिळवलेल्या वेळात. १९१७ साली ज्यांना बिल्ला लावला म्हणून घरी बसावे लागले त्यांच्या लढ्यातून, आणि त्यांच्यासारख्या असंख्यांच्या लढ्यातून, पुढच्या पिढीच्या हाती संध्याकाळ आली. आणि त्या संध्याकाळी कोणी तरी १३०० क्रमांकाच्या गाडीचे लाकूड घासून रंगवले. आमच्या मते ही त्या संपाची उशिराने आलेली कमाई आहे. म्हणून जेव्हा त्या गाडीची हकीकत सांगितली जाईल, तेव्हा पिवळा रंग आणि पितळी दांड्यांबरोबर बिल्ल्याचीही गोष्ट सांगितली जावी. नाहीतर गाडी वाचली आणि तिच्यावर राबलेली माणसे गळाली असे होईल.

इतिहासातली नावेही बदलतात, हे त्या मार्गानेच दाखवले आहे. १९७७ साली रूळ ज्या तळ्यापर्यंत पोचले त्याला कॅल्हून हे नाव होते. कॅल्हून हा गुलामगिरीचा कडवा पुरस्कर्ता. तेथील मूळ डकोटा लोक त्या तळ्याला ब्दे माका स्का म्हणत, आणि २०१८ साली राज्याने अधिकृतपणे तेच नाव परत दिले. त्याच झाडांतून तोच मैल धावणारी ट्राम आता दुसऱ्या नावाच्या तळ्याला पोचते. जुने जतन करणे म्हणजे त्यातला अन्यायही जतन करणे नव्हे, हे तेथल्या लोकांना उमगले, ही चांगली गोष्ट आहे.

तथापि एका मैलाचे कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हॅरिएटची ट्राम मजुराला गिरणीच्या दारात नेऊन सोडत नाही. हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, पहाटे पाचच्या पाळीला जाणाऱ्या बाईला ती उपयोगी पडत नाही. ते काम स्वयंसेवकांचे नाही आणि त्यांनी ते शिरावर घेतलेलेही नाही. ते काम समाजाने करायचे असते, पगारी माणसांकडून, सबंध वर्ष, तोटा झाला तरी. जुळ्या शहरांना हेही शिकावे लागले. खाजगी कंपनीच्या बसगाड्याही खिळखिळ्या झाल्या, तेव्हा १९७० साली सार्वजनिक परिवहन मंडळाने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे १९७० साली सेवा लोकांच्या मालकीची झाली आणि १९७१ साली आठवण लोकांच्या हातांनी उभी राहिली. पुढे २००४ साली मिनिआपोलिसमध्ये विजेची नवी रुळावरची गाडी सुरू झाली आणि २०१४ साली तिचा दुसरा मार्ग सेंट पॉलपर्यंत गेला. ज्या दोन शहरांतून रूळ उखडले होते त्याच दोन शहरांना जोडण्यासाठी पन्नास-साठ वर्षांनी नव्याने आणि मोठ्या खर्चाने रूळ टाकावे लागले.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली, १९४७ साली ती महापालिकेच्या मालकीची झाली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरकडे गेली. सार्वजनिक मालकीमुळे ट्राम वाचली नाही. पण ट्रामच्या जागी आलेली बस त्याच उपक्रमाची, लोकांचीच होती. ट्राम जाते की राहते हा यंत्राचा प्रश्न आहे. सेवा कोणाची हा समाजाचा प्रश्न आहे. पहिल्यात मतभेद होऊ शकतात, दुसऱ्यात होऊ नयेत.

तेव्हा हॅरिएटच्या एका मैलावरून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, आपल्या गावातील जी सार्वजनिक सेवा आहे, मग ती बस असो, दवाखाना असो की वाचनालय असो, तिच्या जमिनीचा आणि भंगाराचा भाव कोणी काढू लागला की नागरिकांनी त्याच दिवशी जागे व्हावे. शेवटची गाडी गेल्यावर निरोपाला जमून उपयोग नाही. दुसरी गोष्ट अशी की, जे गेले त्याची नुसती हळहळ करण्यापेक्षा दहा माणसांनी एक गाडी, एक खोली, एक दप्तर सांभाळावे. मोठ्या योजनेची वाट पाहू नये. सतरा वर्षे थांबून ज्यांनी आखूडसा मार्ग बांधला, त्यांनी तो आखूड आहे म्हणून सोडून दिला नाही. आणि तिसरी गोष्ट, या दोन कामांची गल्लत करू नये. आठवण स्वयंसेवेने टिकते; सेवा हक्काने, कराने आणि पगारी श्रमाने टिकते. एकाच्या कौतुकात दुसऱ्याची जबाबदारी झटकणारा कोणी भेटला, तर त्याला एक मैल आणि पाचशे मैल यांतला फरक समजावून सांगावा.